ऑप्शन फॉर्म भरण्याआधीचं गणित: कोणत्या शाखेसाठी किती शैक्षणिक कर्ज काढावं

कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांच्या दिवसांत एकाच घरात दोन वेगवेगळी कामं चालू असतात. मुलगी कट-ऑफच्या याद्या चाळत बसलेली असते आणि वडील बँकेत जाऊन "साहेब, किती मिळेल?" एवढंच विचारून आलेले असतात. या दोन गोष्टींची गाठ पडते ती थेट फी भरायच्या दिवशी. तोवर सीट पक्की झालेली असते आणि कर्ज मग पडेल त्या आकड्याचं काढलं जातं.

बँक कर्ज मंजूर करते ती पालकांचं उत्पन्न, सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण), कॉलेज आणि तारण बघून. फेडायचं मात्र मुलीच्या पगारातून असतं. म्हणून कर्जाचा आकडा बँकेकडून घेऊ नका. ज्या कॉलेजच्या ज्या शाखेत जायचं आहे, तिथल्या मधल्या मुलाच्या हातात महिन्याला किती पडतात, त्यावरून तो काढा. मधला म्हणजे वर्गातला टॉपर नव्हे आणि शेवटच्या बाकावरचाही नव्हे. आपलं मूल हुशार असतं हे सगळ्याच पालकांना माहीत असतं, तरी गणित मधल्याचंच मांडा.

उदाहरण म्हणून खासगी कॉलेजातलं चार वर्षांचं इंजिनिअरिंग घेतो, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. बाकीच्या कोर्सेसचं आणि परदेशाचं पुढे बघू.

पायरी १: चार वर्षांचा खरा खर्च लिहून काढा

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघायला मिळते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबण्याआधी तिथे डोकावा. मग त्या फीमध्ये हॉस्टेल किंवा रूम, मेस, परीक्षा फी, लॅपटॉप आणि गावी जाण्यायेण्याचा खर्च मिळवा. गाव सोडून पुण्यात किंवा मुंबईत राहायचं असेल, तर राहण्याजेवण्याचा खर्च फीच्या जवळपास जातो. हा खर्च पालक कागदावर मांडत नाहीत आणि दुसऱ्या वर्षापासून तो हातउसन्यावर चालतो.

आता सवलती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, म्हणजे आपण जिला ईबीसी म्हणतो तिच्यात, निम्मी शिक्षण फी माफ होते. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या गटांत, ८ लाखांच्याच मर्यादेत, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा असतो.

मेख अशी की या सवलती कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहेत. मॅनेजमेंट कोट्याला किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटला त्या लागू नाहीत. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत तर मुळीच नाहीत. त्यामुळे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीची फी शून्य आणि दुसरीची पूर्ण, असं सर्रास घडतं. "कॅपमध्ये कॉम्प्युटर नाही लागलं, पण तेच कॉलेज इन्स्टिट्यूट लेव्हलला देतंय" या वाक्याची किंमत मोजताना सीटच्या जादा फीबरोबर बुडालेली सवलतही धरा. चार वर्षांचा मिळून हा फरक काही लाखांत जातो.

पायरी २: मधल्या मुलाचा पगार शोधा

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर हायेस्ट पॅकेज असतं. त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. ॲव्हरेज पॅकेजही फसवं, कारण दोनचार मोठे आकडे सगळी सरासरी वर ओढतात. आपल्याला मीडियन हवा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला येतो तो.

हा आकडा फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजांनी भरलेली माहिती त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर असते, बहुतेकदा अगदी खाली कोपऱ्यात 'एनआयआरएफ' नावाच्या लिंकमध्ये. ती पीडीएफ उघडली की एक तक्ता दिसतो: पहिल्या वर्षी किती प्रवेश झाले, किती जण ठरलेल्या मुदतीत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मीडियन पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेले. कॉलेजचा असा तक्ता सापडतच नसेल, तर प्लेसमेंटच्या बाबतीत त्यांच्या तोंडी शब्दावर भिस्त ठेवू नका.

तक्ता वाचायचा कसा? समजा, एका कॉलेजात ३०० जणांनी प्रवेश घेतला. वेळेत पास झाले २१०, नोकरी लागली १२० जणांना, ३० जण पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार दिलाय ४.५ लाख. (थेट दुसऱ्या वर्षाला आलेले डिप्लोमावाले सोपेपणासाठी बाजूला ठेवलेत.) वरवर वाचलं तर वाटतं, "इथे साडेचार लाख मिळतात." पण हा मीडियन फक्त त्या १२० जणांचा आहे. त्यातल्या निम्म्यांना, म्हणजे ६० जणांनाच साडेचार किंवा त्याहून जास्त मिळाले. शिकायला गेलेले ३० वगळले तरी २७० पैकी ६०. चारातला एकसुद्धा धड नाही. खरा मधला विद्यार्थी या कॉलेजात कॅम्पसमधून नोकरी न लागलेल्यांत मोडतो. त्याला पुढे नोकरी लागते, पण उशिरा आणि बहुधा कमी पगाराची.

या तक्त्यात एक उणीव आहे. तो सबंध कॉलेजचा असतो, शाखेचा नसतो. शाखेसाठी पायपीट करावीच लागते. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडून दोन वर्षांपूर्वी पास झालेली त्या शाखेची मुलं शोधा आणि त्यांतल्या चार-पाच जणांना सरळ मेसेज करा. त्यांना पगार विचारायला संकोच वाटत असेल, तर हे विचारा: वर्गातल्या किती जणांना कॅम्पसमधून लागली, ऑफर लेटर हातात पडल्यावर जॉइनिंगला किती महिने गेले, बाँड होता का. उत्तरं येतात. पोरं या बाबतीत कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसपेक्षा खूप मोकळेपणाने बोलतात.

पायरी ३: पॅकेजमधून हातात किती पडतं

३.६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार नव्हे. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग धरलेला असतो. उरलेल्यातून तुमचा पीएफ आणि महिना २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. ढोबळमानाने पॅकेजचे ८० टक्के हातात धरा. म्हणजे इथे महिना २४ हजार.

त्यातून हिंजवडी-वाकडकडची शेअरिंगमधली रूम, मेस आणि प्रवास गेला की निम्म्याहून अधिक पगार संपतो. घरी थोडे पाठवायचे असतातच. म्हणून हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत बसला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. २४ हजारांवर ७ हजारांचा हप्ता झेपतो, १४ हजारांचा झेपत नाही. आईवडील भरतील म्हणाल, तर ते मुलाच्या नावाचं कर्ज न राहता त्यांचं निवृत्तीच्या तोंडावरचं कर्ज होतं.

पायरी ४: हप्त्यापासून उलटं कर्जाकडे या

समजा, ८ लाखांचं कर्ज आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख उचलले आणि व्याज १० टक्के. कोर्स चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, सरळव्याजाने. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं १ लाख, दुसऱ्यांवर ८० हजार, मग ६०, मग ४०. एकूण २.८ लाख. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी ८ लाखांचे १०.८ लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १४,२७० रुपये. पंधरा वर्षांत फेडले तर ११,६०० च्या आसपास, पण एकूण भरणा १७ लाखांऐवजी २१ लाखांच्या घरात जातो.

हेच गणित उलटं फिरवलं की हाताशी एक सोपा ठोकताळा येतो. दर १० टक्के, फेड दहा वर्षांत आणि व्याज साठू दिलेलं, अशा चार वर्षांच्या कोर्ससाठी मूळ कर्ज हे महिन्याला हातात येणाऱ्या पगाराच्या सोळा पटीपेक्षा जास्त नको. २४ हजार हातात येणार असतील तर ३.८४ लाख. ४० हजार येणार असतील तर ६.४ लाख. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात, तर हीच मर्यादा बावीस पटीपर्यंत जाते. वरच्या उदाहरणात ते व्याज पहिल्या वर्षी महिना १,६६७ रुपये आणि चौथ्या वर्षी ६,६६७ रुपये पडतं. घरातून पहिली दोन वर्षं जरी भरता आलं तरी भरा. असं व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात. ती आपणहून सांगितली जाईलच असं नाही, म्हणून विचारून घ्या.

पायरी ५: दोन पर्यायांमधला फरक तोला

सगळ्यात अवघड प्रश्न असा असतो: कमी फीच्या कॉलेजात मेकॅनिकल की जास्त फीच्या कॉलेजात कॉम्प्युटर? इथे मन एकीकडे ओढतं आणि शेजारचे काका दुसरीकडे. आपण फक्त फरकाचं गणित करू.

वर्षाला १ लाख जास्त फी, म्हणजे चार वर्षांत ४ लाख. व्याज साठून ते ५.४ लाख होतात आणि दहा वर्षांचा हप्ता येतो महिना ७,१०० च्या वर. हातात तेवढे जास्त पडायचे तर पॅकेज वर्षाला १ लाखाहून थोडं जास्त हवं, तेही सलग दहा वर्षं. म्हणजे वार्षिक फी जेवढी जास्त, जवळजवळ तेवढंच वार्षिक पॅकेजही जास्त मिळालं पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. फायदा त्याच्यापुढे सुरू होतो.

हा फरक कॉम्प्युटर खरंच मिळवून देतं का? चांगल्या कॉलेजात, हो, बऱ्याचदा देतं. मधल्या आणि तळाच्या कॉलेजांत मला शंका आहे. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांची मोठी भरती सगळ्या शाखांच्या मुलांतून होते आणि त्यांची सुरुवातीची साडेतीन लाखांच्या आसपासची पॅकेजं वर्षानुवर्षं जागची फारशी हललेली नाहीत. तिथे मेकॅनिकलचा मुलगाही कोडिंग शिकून त्याच रांगेत उभा असतो. तेव्हा सीओईपी, व्हीजेटीआय किंवा सांगलीचं वालचंद यांच्या तोडीच्या कॉलेजात सिव्हिल-मेकॅनिकल मिळत असेल आणि दुसरीकडे नुकत्याच निघालेल्या कॉलेजात एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स), तर मी पहिल्याच्या बाजूने बोलेन. कोअरमध्ये, म्हणजे आपल्याच शाखेच्या कामात राहायचं असेल तर एवढं माहीत असू द्या: चाकण-रांजणगावला ट्रेनी म्हणून सुरुवात हळू होते आणि पगार चौथ्या-पाचव्या वर्षानंतर वेग धरतो. हप्ते मात्र कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात.

आणि एक गोष्ट जिचा विचार प्रवेशाच्या वेळी कुणी करत नाही: वाय.डी., म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जाणं. शेवटच्या वर्षात अडकलात तर ८ लाखांवर आणखी वर्षभराचं ८० हजार व्याज चढतं, शिवाय एका वर्षाचा पगार बुडतो. कारण पटण्यासारखं असेल तर बँक कोर्सची मुदत वाढवून देऊ शकते, पण व्याज काही थांबत नाही. एनआयआरएफच्या तक्त्यात 'मुदतीत पास' झालेल्यांचा आकडा बघायला सांगितला तो यासाठी. गणिताची धास्ती असलेल्या मुलाला पॅकेज बघून कॉम्प्युटरमध्ये ढकलणं या हिशोबानेही महागात पडतं.

इतर कोर्स

बीए, बीकॉम, बीएस्सी अनुदानित कॉलेजात असेल तर कर्जाचा प्रश्नच सहसा येत नाही. खर्च येतो तो पुढे, पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका, रूम आणि क्लास लावून एमपीएससी करताना, आणि तो बहुतेक घरातून किंवा हातउसना असतो. सीएला फी कमी आणि आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतन मिळतं, पण पास व्हायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. मोठं कर्ज काढून करायचा तो कोर्स नव्हे. आर्किटेक्चर पाच वर्षांचं आणि सुरुवातीचे पगार तुटपुंजे, त्यामुळे तिथे सोळा पटीचा नियम आणखी घट्ट धरा. बीएस्सी नर्सिंगला काम लगेच मिळतं, पण खासगी रुग्णालयांत सुरुवात कमी पगारावर होते. फी माफक असेल तर नर्सिंगसाठीचं कर्ज मला इतर बऱ्याच कोर्सेसपेक्षा सुरक्षित वाटतं. खासगी एमबीबीएसचं गणित निराळं: तिथे एमबीबीएस, इंटर्नशिप आणि बहुतेकदा पीजी धरून किमान साडेआठ वर्षांचा पल्ला असतो. घरात दुसरं भरवशाचं उत्पन्न नसेल तर त्या कर्जाच्या वाटेला जाऊ नये.

बँकेत जाण्याआधी

सर्वसाधारण नियम असे. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. त्यापुढे भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के रक्कम आपली घालायची. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय, पालक सहकर्जदार म्हणून. त्यापुढे तारण लागतं आणि शेतजमीन घ्यायला बहुतेक बँका नाखूश असतात. घर, बिगरशेती प्लॉट किंवा एफडी मागतात. निव्वळ सातबाऱ्याच्या भरवशावर मोठ्या फीचं कॉलेज पक्कं करू नका, आधी शाखेत विचारून या.

व्याजाच्या दोन सवलती लक्षात ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्याआधीचं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. मग ८ लाखांचे ८ लाखच राहतात आणि वरची बावीस पट तुम्हाला लागू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच काळात ३ टक्के व्याज सवलत. ती सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांनाच मिळते आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर मिळत नाही. म्हणून ईबीसी सोडून हिच्या मागे लागण्याआधी दोन्हींचे रुपये समोरासमोर मांडा. निम्मी फी माफ होणं जवळजवळ नेहमीच भारी पडतं. राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे, तिचीही चौकशी करा.

'८०ई खाली करात सूट', म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत, हे आमिष मात्र बाजूला ठेवा. ती सूट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नोकरदाराला कर लागतच नाही. नव्याने लागलेल्या मुलाला तिचा उपयोग जवळपास शून्य.

मंजुरीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टींवर बोट ठेवून विचारा: दर बदलता आहे का, कोर्सच्या काळातलं व्याज सरळ आहे ना, प्रोसेसिंग फी किती आणि सोबत विमा गळ्यात मारलाय का. विद्यार्थ्याचा साधा टर्म विमा असायला हरकत नाही, कारण सहकर्जदार वडील आहेत. बचतीचा विमा चिकटवला असेल तर काढून टाकायला सांगा.

परदेशी एमएस

दोन वर्षांत ४० लाख, दर ११ टक्के. कोर्सनंतर सहा महिन्यांनी हप्ता सुरू होईपर्यंत ते ४८.८ लाख होतात आणि दहा वर्षांचा हप्ता येतो ६७ हजार. अमेरिकेतल्या पगारावर तो सहज निघतो. पुण्यात परत आलात तर १० लाखांच्या पॅकेजचा सगळा पगार त्यात जातो. म्हणजे इथे शाखेइतकाच व्हिसाही महत्त्वाचा. अमेरिकेत कोर्सनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं आणि कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. तेव्हा दिसायला सारख्या दोन कोर्सेसपैकी कोणता स्टेममध्ये आहे, हे प्रवेशपत्र स्वीकारण्याआधी तपासा. त्यापुढे वर्षाला ८५ हजार एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसांची लॉटरी असते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्क जाहीर झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. कोर्स चालू असताना नियम बदलू शकतात, हे धरूनच चाला. घर तारण ठेवायचं असेल तर एकच कसोटी लावा: मूल तीन वर्षांनी परत आलं, तर हा हप्ता कोण भरणार? नाव सुचत नसेल तर रक्कम कमी करा किंवा देश बदला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात आणि भाषा मनापासून शिकावी लागते.

कर्ज आधीच काढलं असेल तर

नोकरी लांबली तर हप्ता सुरू होण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळू शकतो, पण खातं नियमित असेपर्यंतच. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत मानल्या जाणाऱ्या कर्जांत जातं आणि वडिलांचंही सिबिल बिघडतं. मग त्यांना ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज मिळणंही अवघड होतं.

नोकरी लागली असेल तर पहिल्या पगारवाढीतून हप्ता वाढवून घ्या. बदलत्या दराच्या कर्जावर लवकर फेडीचा दंड नसतो. वरच्या १०.८ लाखांच्या कर्जावर पहिल्यापासून महिना २ हजार जास्त भरले, तर १२० हप्त्यांऐवजी ९७-९८ मध्ये खातं बंद होतं आणि सव्वा लाखाहून जास्त व्याज वाचतं. जादा रक्कम मुदलात जमा झाली का, पुढच्या हप्त्याच्या नावावर पडून तर नाही ना, हे पासबुकात दर महिन्याला बघत चला.